इतिहासाचा प्राध्यापक ग्रंथालयाच्या खुर्चीत बसला तर संशोधन संपतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला तो लगेच दिसेल. तुम्ही ४१ वर्षांचे, राज्य विद्यापीठात इतिहासाचे सहयोगी प्राध्यापक. पीएच.डी. मराठाकालीन मोडी कागदांवर, आणि त्यावरचं पुस्तक निम्मं लिहून झालेलं. कुलगुरूंनी बोलावून सांगितलं की ग्रंथालयाचा अतिरिक्त कार्यभार घ्या, पुढे अधिष्ठाता, कुलसचिव अशा वाटा मोकळ्या होतील. तुमचे गुरुजी म्हणाले, "मग संशोधनाच्या नावानं पाणी सोड." घरचे म्हणतात, चालून आलेलं नाकारू नये. आणि तुम्ही विचारताय की इतिहासाच्या माणसाला हे काम जमतं का, आणि जमलं तरी करावं का.

मी १७ वर्षं इतिहास शिकवला. मग असाच एका दुपारी ग्रंथालयाचा कार्यभार हातात आला, तो ९ वर्षं सांभाळला. शेवटची चार वर्षं विद्यापीठाच्या प्रशासनात गेली. आता निवृत्त आहे. तेव्हा जे सांगतो ते या प्रवासातून.

जमतं का, याचं उत्तर सोपं आहे: जमतं. करावं का, हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे. कुलगुरूंची किती मुदत शिल्लक आहे? पाच वर्षांतली साडेचार गेली असतील, तर त्यांनी दिलेला शब्द पुढच्या माणसावर बंधनकारक नसतो. ग्रंथालयात शिकलेले, कायम सेवेतले किती लोक उरलेत? मुलं किती लहान आहेत? हे मला माहीत नाही, तुम्हाला आहे. पण एक गोष्ट तुमच्या पत्रातूनच दिसते, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे: ते निम्मं पुस्तक.

असं का म्हणतो, ते एका माणसाच्या उदाहरणावरून सांगतो. वार्तान ग्रेगोरियन. इतिहासकाराने विद्यापीठ आणि ग्रंथालय दोन्ही चालवायचं म्हणजे काय, हे मला त्यांच्याइतकं कुणाच्याच आयुष्यातून कळलं नाही.

ग्रेगोरियन जन्माने आर्मेनियन. १९३४ मध्ये इराणातल्या तब्रीझ शहरात जन्मले. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं. पंधरा वर्षांच्या आसपास शिकायला बैरूतला गेले, तिथून १९५६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला. पदवी दोन वर्षांत मिळवली आणि १९६४ मध्ये इतिहासात डॉक्टरेट. आधुनिक अफगाणिस्तान कसा घडत गेला यावरचा, १८८० ते १९४६ या काळाचा त्यांचा ग्रंथ १९६९ मध्ये आला. अफगाणिस्तानच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो. १९७२ मध्ये ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले, १९७४ मध्ये तिथल्या कला व विज्ञान शाखेचे पहिले अधिष्ठाता झाले आणि १९७८ मध्ये प्रोव्होस्ट, म्हणजे आपल्याकडच्या प्र-कुलगुरूंच्या जवळ जाणारं पद. अध्यक्षपद त्यांनाच मिळेल असं अनेकांना वाटत होतं, विश्वस्तांनी दुसऱ्याला निवडलं. त्यांनी राजीनामा दिला.

आणि १९८१ मध्ये ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे अध्यक्ष झाले. तेव्हाची तिथली अवस्था आपल्याकडच्या कुठल्याही ग्रंथपालाला ओळखीची वाटेल. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी झाली होती, तेव्हापासून वेळा कापलेल्या, माणसं कमी केलेली. १९११ मध्ये उघडलेली संगमरवरी इमारत काळवंडलेली. प्रदर्शनासाठी बांधलेलं भव्य दालन कित्येक वर्षं कार्यालय म्हणून वापरात होतं. मागच्या ब्रायंट पार्कमध्ये मादक पदार्थांचा उघड व्यापार. या संस्थेची घडणही गुंतागुंतीची. संशोधन ग्रंथालयं मुख्यतः देणग्यांवर चालतात आणि वस्त्यावस्त्यांतल्या शाखा शहराच्या पैशावर. म्हणजे धनिकांकडे आणि नगरपालिकेकडे एकाच वेळी जायचं, आणि दोघांनाही दुसऱ्याचा वाटा पटवून द्यायचा.

ग्रेगोरियननी आठ वर्षांत सुमारे ३२.७ कोटी डॉलर उभे केले. ते प्रदर्शनाचं दालन १९८४ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडलं. इमारत धुऊन निघाली, तालिका संगणकावर गेली. हे त्यांना साधलं त्यामागे माझ्या मते त्यांचं इतिहासकार असणं होतं. छप्पर गळतंय, पगार थकलेत, अशा रडगाण्याने ते सुरुवात करत नसत. हे ग्रंथालय या शहरात काय होतं, बाहेरून आलेल्या किती पिढ्या इथे बसून शिकल्या, हे ते आधी सांगत. ऐकणाऱ्याला वाटे की आपण एका चालत आलेल्या गोष्टीत सामील होतोय. माझ्या विद्यापीठात मी हेच करून बघितलं. 'दुरुस्तीसाठी अनुदान' अशा विषयाच्या तीन प्रस्तावांना उत्तरच आलं नव्हतं. चौथ्या वेळी मी जुन्या नोंदींतून गेल्या पन्नास वर्षांत आमच्या वाचनकक्षात बसून शिकलेल्या लोकांची माहिती गोळा केली आणि चार पानांचं टिपण जोडलं. छताचे पैसे त्या वर्षी मंजूर झाले.

पुढे १९८९ ते १९९७ ते ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष होते, आणि १९९७ पासून २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत कार्नेगी कॉर्पोरेशन या देणग्या देणाऱ्या संस्थेचे. १९०१ मध्ये अँड्र्यू कार्नेगीने न्यूयॉर्कच्या शाखा ग्रंथालयांसाठी ५२ लाख डॉलर दिले होते. त्या शाखा सांभाळलेला माणूस शेवटी त्याच दात्याच्या संस्थेचा प्रमुख झाला.

आता यातली किंमत बघा. अफगाणिस्तानचा ग्रंथ १९६९ चा. इस्लामवरचं छोटं पुस्तक आणि आत्मचरित्र आलं ते २००३ मध्ये. मधली ३४ वर्षं त्या तोलाचा संशोधनग्रंथ त्यांच्या हातून झाला नाही. त्यांनी जे उभं केलं त्यापुढे मला ही किंमत जड वाटत नाही. पण किंमत होती, आणि ती तुम्हाला आधी माहीत असावी.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. जदुनाथ सरकार १९२६ ते १९२८ कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचे चार खंड त्यांनी त्यानंतर लिहिले, १९३२ ते १९५०. शेवटचा खंड आला तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. पुणे रेसिडेन्सीच्या, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलातीच्या, पत्रव्यवहाराचं संपादन गो. स. सरदेसायांबरोबर त्यांनी हाती घेतलं तेही या कुलगुरूपदानंतरच. याउलट दत्तो वामन पोतदार. भारत इतिहास संशोधक मंडळासाठी त्यांनी हयात वेचली, १९६१ ते १९६४ पुणे विद्यापीठाचं कुलगुरूपद सांभाळलं, असंख्य संस्थांना आधार दिला. पण त्यांच्याकडून ज्या शिवचरित्राची अवघा महाराष्ट्र वाट बघत होता, ते पुरं झालं नाही. पोतदारांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंडळात कागद राखले म्हणून माझ्यासारख्यांना पुढे काही वाचता आलं.

सरकारांचे औरंगजेबावरचे पाचही खंड १९२४ पर्यंत बाहेर पडले होते, कुलगुरूपद त्यानंतर आलं. ग्रेगोरियनचा ग्रंथ अधिष्ठातापदाच्या पाच वर्षं आधीचा. हातातलं मोठं काम संपवून ते खुर्चीत बसले. तुमचं पुस्तक निम्मं आहे. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की कुलगुरूंना नाही म्हणू नका, मुदत मागा. पुढच्या शैक्षणिक वर्षापासून येतो, तोवर पुस्तक छापायला देतो, असं सांगा. ज्यांना तुम्ही खरोखर हवे आहात ते आठ-दहा महिने थांबतील. नाही थांबले, तर त्यांना फक्त रिकामी खुर्ची भरायची होती असं समजा.

तुमच्या शंकेचा दुसरा भाग असा की प्रशासनात इतिहासाचा उपयोग काय. मला तर रोज झाला.

आमचा वाचनकक्ष संध्याकाळी सहाला बंद व्हायचा. का, तर नियम. कुणाचा नियम, ते कुणालाच सांगता येईना. मी त्याची नस्ती, म्हणजे फाइल, मागवली आणि सवयीने मागून वाचायला घेतली, सगळ्यात जुन्या टिपणीपासून. पिवळ्या पडलेल्या कागदावर तत्कालीन ग्रंथपालांनी लिहिलं होतं की गावाकडे जाणारी शेवटची एसटी पावणेसातला सुटते, आणि निम्मे कर्मचारी व बरेच विद्यार्थी तिनेच जातात, सबब सहाला बंद करावे. ती गाडी बंद होऊनही वीस वर्षं झाली होती. कारण संपलं होतं, नियम उरला होता. मी त्याच कागदाची प्रत लावून नवी टिपणी ठेवली आणि दोन महिन्यांत वाचनकक्ष रात्री दहापर्यंत सुरू झाला. नुसता अर्ज केला असता तर 'प्रथेप्रमाणे' असा शेरा मारून परत आला असता.

दुसरी गोष्ट आमच्या मामांची. ते ग्रंथालय परिचर होते, शिक्षण सातवीपर्यंत, नोकरी पस्तीस वर्षं. एका वकिलांच्या घरून आलेली मोठी देणगी कित्येक वर्षं नोंदीविना पडून होती. त्यात मोडी कागदांचे रुमालही होते, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. कुठली पेटी कुठल्या खोलीत, कुठला रुमाल गळतीमुळे कुठे हलवला, हे फक्त मामांच्या डोक्यात. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. आपण गावोगाव म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतो ना, तसाच मी दर बुधवारी दुपारी वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो. ते एकेक रुमाल सोडायचे, कापडाच्या गाठीवरून सांगायचे की ही गाठ माझी नाही, मधे कुणीतरी हात लावलाय. त्या वहीवरून पुढे सगळ्या देणगीची सूची झाली. मामा तसेच निवृत्त झाले असते तर कागद तिथेच राहिले असते, पण कुणाला सापडले नसते.

पण इतिहासकाराची एक खोडही या कामात आड येते. आपला जीव जुन्यात रमतो. माझ्या पहिल्या वर्षी मी खरेदीच्या पैशातला मोठा हिस्सा जुन्या गॅझेटिअरचे संच आणि दुर्मीळ ग्रंथांची बांधणी यांवर घातला आणि खूश होतो. मार्चमध्ये देवघेवीच्या खिडकीशी उभा होतो. वाणिज्यची एक मुलगी आली, लेखाकर्माचं एक पाठ्यपुस्तक मागितलं, नाही म्हटल्यावर वहीत काहीतरी खूण करून वळली. मी थांबवून विचारलं. ती सहा आठवडे दर सोमवारी येत होती आणि प्रत्येक 'नाही' ची तारीख लिहून ठेवत होती. त्या पुस्तकाच्या आमच्याकडे चार प्रती होत्या, विद्यार्थी दोनशेच्या वर. तिला विकत घेणं परवडणारं नव्हतं. ती चूक माझी होती. दुसऱ्या वर्षी आधी पाठ्यपुस्तकांच्या प्रती, मग बाकीचं, असा क्रम लावला आणि तो शेवटपर्यंत मोडला नाही.

ग्रंथालयशास्त्र घडवणाऱ्या रंगनाथनांच्या पाच सूत्रांत 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे सूत्र आहे. ते मला त्या दिवशी समजलं. रंगनाथन स्वतः गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून परत वर्गावर जायला निघाले होते. आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, मग ठरवा, असं त्यांना सांगण्यात आलं. तिथली ग्रंथालयं बघून ते बदलले. पाच सूत्रांचं पुस्तक १९३१ चं, पुस्तकं विषयवार लावायची त्यांची पद्धत, द्विबिंदू वर्गीकरण, १९३३ ची. बाहेरच्या विषयातून आलेला माणूस इतका मोठा झाला, कारण त्याने हे काम आधी शिकून घेतलं. तेव्हा तुमच्या सहायक ग्रंथपालांकडे पहिले तीन महिने विद्यार्थी म्हणून बसा. वर्गीकरण, तालिका, देवघेव, नियतकालिकांची नोंदणी, संगणक प्रणाली, सगळ्या टेबलांवर. त्यांच्या डोक्यावर इतिहासाचा माणूस आणून बसवला, हे त्यांना खुपणारच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

इथे नियमाची बाजूही सांगतो, कारण अनेकांना ती उशिरा कळते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायद्यात हे पद ज्ञान स्रोत केंद्राच्या संचालकाचं आहे. आणि यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठ ग्रंथपालासाठी ग्रंथालयशास्त्रातली ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी, दहा वर्षांचा त्याच क्षेत्रातला अनुभव आणि ग्रंथालयशास्त्र, माहितीशास्त्र, प्रलेखन किंवा अभिलेख व हस्तलिखित जतन यांतली पीएच.डी. मागितली आहे. म्हणजे इतिहासाच्या पदवीवर तुम्ही इथे कायम होणार नाही, कार्यभारीच राहाल. कायम पदाची वाट तुमच्यासाठी प्राध्यापकपदातूनच जाते. कुलगुरूपदासाठीही याच नियमावलीत प्राध्यापक म्हणून दहा वर्षं, किंवा नामवंत संशोधन वा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेतला तेवढाच अनुभव लागतो. त्यामुळे मूळ विभागातला धारणाधिकार, म्हणजे आपल्या पदावर परतण्याचा हक्क, आणि प्राध्यापकपदावरची पदोन्नती, या दोन्हींना धक्का लागेल असं काही स्वीकारू नका.

आदेशात काय असावं? आर्थिक अधिकार किती ते आकड्यांत. मला पहिल्या आदेशात 'दैनंदिन कामकाज पाहावे' एवढंच मिळालं होतं. त्यामुळे पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलं तेव्हा पंप भाड्याने आणायची मंजुरी मिळेपर्यंत दोन दिवस गेले, आणि खालच्या फळीवरची तीनशेच्या वर पुस्तकं बुरशीने गेली. अधिकार कागदावर नसतील तर जबाबदारी घेऊ नका, हे मी त्या वासात उभा राहून शिकलो. दुसरं, अध्यापनाचा भार निम्मा करून घ्या, पण शून्य नको. एक तरी वर्ग ठेवा. तुमच्याकडचे पीएच.डी.चे विद्यार्थी तुमच्याकडेच राहतील, हे लिहून घ्या. आणि रुजू होण्याआधी शेवटची साठा पडताळणी, म्हणजे पुस्तकांची मोजदाद, कधी झाली ते लेखी विचारा, नाहीतर आधीची सगळी तूट तुमच्या नावावर येते.

पडताळणीवरून एक. पुस्तक हरवलं तर पगारातून कापतील, या भीतीने आपल्याकडे ग्रंथपाल कपाटांना कुलूप लावतात. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षभरात दिलेल्या वा हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचांपर्यंतची तूट वाजवी मानली आहे, मात्र ती लबाडीने किंवा हलगर्जीने झालेली नसावी. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करावीच लागते. राज्य विद्यापीठांची लेखासंहिता वेगळी असते, तुमची काय म्हणते ते वित्त अधिकाऱ्यांकडून समजून घ्या आणि परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना सांगा. आमच्याकडे ते कळल्यावर इतिहासाच्या दालनाची कुलपं निघाली.

थोडक्यात, आतापर्यंतचं: पुस्तक संपवायला मुदत मागा, आदेशात अधिकार मागा, मूळ पद सोडू नका, आणि पहिले तीन महिने शिका.

राहता राहिलं खुर्चीत बसल्यावरचं संशोधन. मोठा ग्रंथ होणार नाही, असं धरून चाला. पण हात सुटू द्यायचा नाही. मी सकाळी साडेसात ते नऊ, कार्यालय उघडायच्या आत, रोज मोडीचं एक पान वाचायचो. लिप्यंतर करायचो, तारीख काढायचो, वहीत उतरवायचो. काही दिवस दोन ओळीच व्हायच्या. नऊ वर्षांत त्या वकिलांच्या देणगीतले सहाशेच्या आसपास कागद असे वाचून झाले आणि निवृत्तीनंतर त्यांतल्या निवडक पत्रांचं संपादन करतोय. सकाळची ही वेळ कुणाला देऊ नका. बैठक लावणाऱ्यांना सांगून ठेवा की नऊच्या आधी साहेब भेटत नाहीत. दोन महिन्यांत सगळ्यांना सवय होते.

तुमच्या गुरुजींना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती खरी आहे, तुमच्या-माझ्या पाहण्यात अशी माणसं आहेतच. पण त्यांना हेही विचारा की त्यांना पहिला मोडी रुमाल वाचायला कुठे मिळाला, आणि तो तिथे कुणी सांभाळून ठेवला होता.

आणि पद घेतलंत तर पहिल्या दिवशी दाखल नोंदवहीचा, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने नोंदतात त्या वहीचा, पहिला खंड बघायला मागा. क्रमांक एकला कुठलं पुस्तक आहे, ते आज फळीवर आहे का, हे विचारा. शोधायला न सांगता कोण उठतं, ते बघून ठेवा. पुढची सगळी वर्षं त्या माणसाला धरून राहा. तुमच्याकडे नोंद न झालेले रुमाल असतील तर किती आहेत आणि कुठल्या खोलीत, तेवढं कळवा. पावसाळ्याच्या आत त्यांचं काय करायचं ते मी लिहून पाठवतो.